कापलेलं लेबल

२०२४ च्या एप्रिलमध्ये आमच्या घरात एक एक्सेल शीट तयार झाली. धाकटी बहीण लंडनला असते. तिच्याकडे मी आणि आई-बाबा तीन आठवड्यांसाठी जाणार होतो. शीट तिनंच केली होती आणि नाव दिलं होतं, 'बिस्टर, शनिवार'. लंडनचा टॉवर, ब्रिटिश म्युझियम, बाबांच्या आग्रहाखातर घेतलेलं लॉर्ड्स, ही सगळी मंडळी एकाच पानावर दाटीवाटीनं बसली होती. स्वतंत्र पान मिळालं होतं ते ऑक्सफर्डच्या वाटेवरच्या एका खरेदीच्या गावाला. स्पेलिंगप्रमाणे वाचलं तर बायसेस्टर, उच्चार मात्र बिस्टर. फोनवर मला तीनदा सुधारून सांगितलं गेलं.

या गावाचं पूर्ण नाव बिस्टर व्हिलेज. १९९५ साली सुरू झालेलं हे आउटलेट. म्हणजे मोठमोठ्या ब्रँडांचा मागच्या हंगामातला, उरलेला, न खपलेला माल कमी किमतीत विकणारी दुकानं एका ठिकाणी. दुकानं दीडशेच्या वर, पण मॉलसारखी एका छपराखाली नाहीत. मधोमध पायी चालायची गल्ली आणि दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांची उतरत्या छपरांची बैठी घरं. त्या घरांत माणसं राहत नाहीत, पर्सेस राहतात.

शीटमध्ये रकाने होते: काय हवं, कुणासाठी, माप, भारतातली किंमत, तिथली किंमत आणि शेवटी 'फरक'. शेवटचा रकाना हिरवा केला होता. मेरिलबोन स्थानकातून सुटणाऱ्या सकाळच्या गाड्या, साधारण पाऊण तासाचा प्रवास, घरून न्यायचे पराठे, आईनं बसायची जागा, कुणी कुठल्या दुकानाच्या रांगेत उभं राहायचं, सगळं लिहिलेलं होतं. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडणाऱ्या माणसांच्या मुलीच असं नियोजन करू शकतात. कुठल्या डब्यात चढलं की ठाण्याला जिना समोर येतो, हे ज्यांच्या अंगात मुरलंय, त्यांना परदेशातलं खरेदीचं गाव म्हणजे आणखी एक स्टेशनच.

पण तो हिरवा रकाना महिनाभरात दोनदा बदलावा लागला. विमानतळावर कर परत मिळतो, असं आम्हाला आधी जाऊन आलेल्या सगळ्यांनी सांगितलं होतं. ती सवलत इंग्लंडमध्ये जानेवारी २०२१ पासूनच बंद झाली होती. मग आपल्याकडच्या सीमाशुल्काचा प्रश्न आला: त्या वेळी परतणाऱ्या प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतचं सामान करमुक्त होतं. शेवटी चौघांचं गाडीभाडं आणि तिथला चहा जमेस धरला, तेव्हा लहानसहान वस्तूंच्या पुढचा 'फरक' जवळजवळ शून्यावर आला. मी हे ग्रुपवर लिहिलं. बहिणीचं उत्तर आलं, "ताई, तू हिशोब करतेयस. आपण फिरायला चाललोय."

कुणीही 'मग नकोच जायला' असं म्हटलं नाही. मीही नाही.

*

ही शीट मी एका मैत्रिणीला दाखवली. ती मराठी शिकवते, लिहिते, आणि माझ्या प्रत्येक लेखाची पहिली वाचक असते. तिनं ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि एकच शब्द उच्चारला, "चंगळवाद."

१९९१ नंतरच्या मराठी वैचारिक लेखनात हा शब्द इतक्या वेळा आलाय, की तो वाचताना आता आपले डोळे थांबतही नाहीत. पण शब्दाची घडण पाहण्यासारखी आहे. 'चंगळ' हा घरातला, लाडका शब्द. श्रीखंड-पुरीच्या दिवशी, मामा आले की, दोन भाज्या झाल्या की आपण म्हणतो, आज चंगळ आहे. त्यात वर्षातून चारदा येणारी तृप्ती आहे, आणि ती रोज येणार नाही याची जाणीवही आहे. त्याला 'वाद' जोडला की लगेच आरोप तयार होतो. आरोप करणारा बहुतेक वेळा अशा घरातला असतो, जिथं चंगळ पुरेशी होऊन गेलेली असते.

मैत्रिणीचा राग निराधार नव्हता. मराठी साहित्यानं मॉलकडे पाहिलं ते गिरणीच्या बाजूनं, आणि ते योग्यच होतं. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव कसं उलगडत गेलं, हे जयंत पवारांच्या 'अधांतर'नं एका घराच्या चार भिंतींत दाखवलं. त्यांच्याच 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या कथासंग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या शीर्षकातला फिनिक्स शब्द वाचताना परळच्या माणसाला आधी गिरणी आठवते आणि मग त्याच जागेवरचा मॉल. हे लेखन नसतं, तर झगमगाटाखाली काय गाडलंय हे आपण विसरलो असतो.

मात्र त्या लेखनानं एक प्रश्न बाकी ठेवला. गिरणी गेली, कारखाना गेला, आणि त्या माणसांची मुलं पुढं वीस-पंचवीस वर्षांनी त्याच मॉलमध्ये खरेदीला गेली. ती तिथं काय शोधत होती? माझ्या वाचनातल्या मराठी कथा-कादंबऱ्यांत ही माणसं फारशी येत नाहीत. आलीच तर फसलेली म्हणून, भुललेली म्हणून, किंवा विनोदाची हक्काची गिऱ्हाइकं म्हणून. आपली प्रवासवर्णनंही याला अपवाद नाहीत. इमारती, चित्रं, नाटकं यांना प्रकरणं मिळतात आणि खरेदीच्या वाट्याला परतीच्या बॅगेचं वजन आणि बायकोवरचा एखादा विनोद येतो. आमच्या घरी 'अपूर्वाई' आणि मीना प्रभूंचं 'माझं लंडन' या दोन्हींची पानं सुटी होईपर्यंत वाचली गेली. त्या पुस्तकांनी आम्हाला लंडन दिलं. पण आईला लंडनच्या दुकानात शिरताना जी धाकधूक वाटणार होती, तिच्यासाठी तिला शब्द मिळाले नव्हते.

आमच्या गावाचा सिनेमा म्हणावा असा 'डोंबिवली फास्ट' २००५ साली आला. त्यातला माधव आपटे दुकानदारानं छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागितल्यावर भडकतो. त्या प्रसंगाला आमच्याकडच्या थिएटरात टाळ्या पडल्या, कारण छापील किंमत हा आमचा खरा धर्म आहे. त्यापेक्षा एक रुपया जास्त म्हणजे अन्याय, आणि एक रुपया कमी म्हणजे कर्तृत्व. आउटलेट या धर्मावरच उभं आहे. तिथं प्रत्येक चिठ्ठीवर दोन किमती असतात, एक खोडलेली आणि एक भरायची. आपण जी वस्तू घरी आणतो ती दुसऱ्या किमतीची असते. पण सांगतो ती पहिली. 'हे केवढ्याचं माहितीये? आणि मला केवढ्याला मिळालं?' या दोन प्रश्नांमधल्या जागेत ऐषारामाला काटकसरीचा सदरा घालता येतो. आमच्या शीटमधला हिरवा रकाना म्हणजे हाच सदरा होता. 'फरक' शून्यावर आला तेव्हा तो उतरला, आणि तरीही आम्ही निघालो. म्हणजे हवं होतं ते पैसे वाचवणं नव्हतंच. मग काय हवं होतं?

*

याचं उत्तर शोधताना मला ठाण्याला जावं लागतं. वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत, १९६० च्या दशकातली. तिथल्या एका गाळ्यात निर्यातीचे शर्ट शिवले जायचे. बाबा तिथं चेकर होते. शिवून आलेला शर्ट टेबलावर पसरायचा, आधी उजवा, मग उलटा करायचा. कॉलरची टोकं जुळवायची, बाह्यांची लांबी मोजायची, एका इंचात टाके किती पडलेत ते बघायचं. दोष दिसला तिथं लाल बाणाची चिकटपट्टी लावायची. दुरुस्त होणारा दोष असेल तर पीस 'अल्टर'ला जायचा, नसेल तर 'रिजेक्ट'. बाबा दिवसाला किती शर्ट उलटे करत, हे त्यांनाही सांगता येत नाही. डोळ्यांचा नंबर मात्र सांगता येतो.

दिवाळीच्या आधी रिजेक्ट पीस कामगारांना स्वस्तात मिळत. देण्यापूर्वी त्यांचं लेबल कात्रीनं मधोमध कापलेलं असे, म्हणजे तो माल ब्रँडच्या नावानं बाजारात विकता येऊ नये. त्यामुळे लहानपणी आम्ही दोघी बहिणींनी, चुलतभावांनी, इमारतीतल्या निम्म्या मुलांनी जे शर्ट घातले, त्यांच्या मानेमागं नावाचे दोन तुकडे असायचे. अर्धी अक्षरं एकीकडे, अर्धी दुसरीकडे. ती जोडून वाचायचा खेळ आम्ही खेळत असू. पुढं ठाण्याच्या मोठ्या मॉलमध्ये मी पहिल्यांदा गेले, तेव्हा एका दुकानाच्या पाटीवर ते नाव अखंड लिहिलेलं दिसलं. मी आत गेले नाही. मला तेव्हा काय वाटलं ते 'चंगळवाद' या शब्दात बसत नाही. लाजेतही बसत नाही. आपल्याच घरातल्या एखाद्या माणसाचं पूर्ण नाव आपल्याला परक्याकडून कळावं, तसं काहीसं ते होतं.

आउटलेटचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा या आठवणीचा आणि बिस्टरच्या शीटचा उगम एकच निघाला. या धंद्याची सुरुवात कारखान्याच्या दारातल्या दुकानापासून झाली. दोष राहिलेला किंवा जास्तीचा माल कारखाने आपल्याच कामगारांना विकत. मग ते दार बाहेरच्या गिऱ्हाइकांनाही उघडलं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या रेडिंग शहरात १९७० च्या दशकात मोज्यांच्या जुन्या गिरणीच्या इमारतींमध्ये अशी दुकानं इतकी वाढली, की लोक बसगाड्या करून दिवसभराच्या खरेदीला तिथं येऊ लागले. म्हणजे आउटलेटची एक दिवसाची सहल ही मुळात कामगारांच्या दिवाळीची वाढलेली आवृत्ती. मधल्या काळात फक्त कामगार गळाले. पुढं तर दोषही गळाला. अमेरिकेत बऱ्याच कंपन्या आता आउटलेटसाठीच वेगळा, हलक्या प्रतीचा माल बनवतात. त्या चिठ्ठीवरच्या खोडलेल्या किमतीला तो कधीच विकला गेलेला नसतो. २०१४ साली तिथल्या काही लोकप्रतिनिधींनी व्यापार आयोगाला पत्र लिहून याची चौकशी करायला सांगितलं होतं.

बाबांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आमचा रिजेक्ट तरी खरा होता."

*

आता 'गाव' या शब्दाकडे येते, कारण बिस्टरमध्ये मला सगळ्यात जास्त खटकलेला शब्द तोच. बिस्टर हे मुळात खरंखुरं जुनं गाव आहे. तिथं 'बिस्टर टाउन' नावाचं रेल्वे स्थानक होतं. २०१५ साली लंडनशी थेट गाडी सुरू झाली आणि स्थानकाचं नाव झालं 'बिस्टर व्हिलेज'. खऱ्या गावाच्या स्थानकाला दुकानांच्या गावाचं नाव मिळालं. शीटमध्ये हे वाचत होते तेव्हा आमच्याकडेही एक नवं स्थानक सुरू होऊन तीनच महिने झाले होते: ठाणे-वाशी मार्गावर, ठाणे आणि ऐरोली यांच्या मधलं 'दिघा गाव'. दोन स्थानकं, दोघांच्या नावात गाव. दिघ्याच्या पाटीवरच्या गावात माणसं राहतात, एवढाच फरक.

डोंबिवलीकराला 'गाव' हा शब्द साधा ऐकूच येत नाही. आमच्या भोवती सत्तावीस गावं आहेत. भोपर, सोनारपाडा, निळजे, संदप, उसरघर अशी त्यांची नावं. १९८३ साली कल्याण महापालिका झाली तेव्हा ती आत होती, २००२ साली बाहेर गेली, २०१५ साली पुन्हा आत आली. २०२० साली त्यांतली अठरा पुन्हा वेगळी काढायचं सरकारनं ठरवलं आणि उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. आपण गावात राहतो की शहरात, हे इथल्या माणसाला पाण्याच्या नळावरून आणि कराच्या पावतीवरून शोधावं लागतं. त्याच कल्याण-शिळ पट्ट्यात टोलेजंग नगरं उभी राहिली, त्यांचे स्वतःचे मॉल आले. जाहिरातींत हिरवळ, तळी आणि मोकळी हवा असते. ज्यांची शेतं होती त्या आगरी घरांचा त्या चित्रात पत्ता नसतो.

रेमंड विल्यम्स या टीकाकारानं १९७३ साली 'द कंट्री अँड द सिटी' या पुस्तकात दाखवलं, की इंग्रजी कविता जे टुमदार, शांत खेडं रंगवत आली, त्यातून शेतात राबणारा माणूस सावकाश पुसला जात होता. खेडं सुंदर दिसायला कष्ट अदृश्य व्हावे लागतात. आउटलेट व्हिलेज ही त्या कवितेची आजची आवृत्ती म्हणायला हरकत नाही. तिथं गल्ली आहे, ओटे आहेत, कुंड्या आहेत, बाक आहेत. कपडे शिवणारं कुणी नाही. कारखान्याचं दुकान होतं तेव्हा कारखाना निदान भिंतीपलीकडे ऐकू यायचा. 'व्हिलेज' झाल्यावर तोही आवाज बंद. याच कंपनीचं बेल्जियममधलं मासमेखेलेनचं गाव तर कोळशाच्या बंद खाणीच्या जागेवर उभं आहे. परळ, रेडिंग, मासमेखेलेन: आधी काम जातं, मग त्याच्या जागेवर खरेदी येते, आणि खरेदीला गावाचा मुखवटा चढवला जातो.

इथवर माझी मैत्रीण आणि मी एकाच बाजूला आहोत. वेगळ्या होतो ते पुढच्या पायरीवर. ती म्हणते, हे सगळं कळल्यावर जायचं कशाला? मी म्हणते, हे सगळं कळून जाणाऱ्या माणसाबद्दल कधीतरी लिहायला नको का?

*

बिस्टरला जायचं म्हणून मोठी बॅग हवी होती आणि बॅग घ्यायला आम्ही उल्हासनगरला गेलो. डोंबिवली-कल्याणच्या माणसाचं खरं आउटलेट तेच. लग्नाचा बस्ता, फर्निचर, पडदे, जीन्स, काहीही घ्यायचं असलं की आई म्हणते, "एकदा कॅम्पात बघून येऊ." दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी बांधलेल्या छावण्यांत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना ठेवलं गेलं. ऑगस्ट १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिथं उल्हासनगरची कोनशिला बसली. बराकीत राहणाऱ्या, सगळं मागं टाकून आलेल्या माणसांनी जे हाताला लागेल ते बनवून विकायला सुरुवात केली. त्यांच्या मालावरच्या 'मेड इन यूएसए'चा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा आम्ही लहानपणापासून हसत सांगत आलो.

ज्या माणसांचं गाव नकाशाच्या पलीकडे राहिलं, त्यांनी दुसऱ्याच्या देशाचं नाव आपल्या मालावर लावलं, यात हसण्यासारखं नेमकं काय होतं, हा विचार मला गजानन मार्केटच्या गर्दीत पहिल्यांदा सुचला. आम्ही घेतलेल्या बॅगेवर एका प्रसिद्ध ब्रँडचं नाव होतं, मध्ये एक अक्षर जास्त. दुकानदारानं ते लपवलं नाही. "मॅडम, नाव सोडा, चाकं बघा," म्हणाला. त्यानं बॅग उलटी करून चाकं फिरवून दाखवली, चेन दहा वेळा ओढली, आतलं अस्तर बाहेर काढलं. बावीसशेला ठरली. खोडलेली किंमत नव्हती. तासभर हुज्जत होती, मध्ये आईला प्यायला पाणी आणि बसायला स्टूल मिळालं होतं.

मी उल्हासनगरची आरती ओवाळत नाहीये. तिथल्या जीन्सच्या धुलाईचं निळं-काळं पाणी वर्षानुवर्षं वालधुनीत गेलं आहे आणि त्याची प्रकरणं न्यायालयांपर्यंत पोहोचली आहेत. मुद्दा तुलनेचा आहे. एका बाजाराचं लेबल खोटं आणि गाव खरं. दुसऱ्याचं लेबल खरं आणि गाव खोटं. आपण नकली म्हणतो ते फक्त पहिल्याला.

*

मग या जागांबद्दल लिहायचं कसं? मला एक नमुना सापडला तो फ्रेंच लेखिका आनी एर्नोकडे. २०२२ चं नोबेल मिळालेल्या एर्नोनं नोव्हेंबर २०१२ ते ऑक्टोबर २०१३ असं वर्षभर पॅरिसजवळच्या सेर्जी या उपनगरातल्या एका महाकाय दुकानाची रोजनिशी ठेवली. २०१४ साली ती छोटंसं पुस्तक म्हणून आली. सेर्जी म्हणजे पॅरिसचं ठाणे-डोंबिवलीच म्हणा. गेल्या पन्नासएक वर्षांत वाढलेलं, बाहेरून आलेल्या माणसांचं नवं शहर. एर्नो तिथं पाहुणी म्हणून गेलेली नाही. यादी घेऊन जाते, रांगेत उभी राहते, पुढच्या माणसाच्या टोपलीत डोकावते, आणि आपल्या टोपलीत कुणी डोकावलं की अवघडते. ती स्वतः एका छोट्या गावातल्या किराणा दुकानदाराची मुलगी. त्यामुळं काउंटरच्या दोन्ही बाजूंना माणसं असतात, हे तिला पुस्तकात वाचावं लागलेलं नाही.

त्याच वर्षी २४ एप्रिलला बांगलादेशात राना प्लाझा ही इमारत कोसळली आणि कपडे शिवणारी ११०० हून अधिक माणसं मेली. ती बातमी एर्नोच्या रोजनिशीत येते, आणि येते ती तिच्या ट्रॉलीच्या शेजारीच. ती दुकानात जायचं थांबवत नाही, आणि जाते म्हणून बातमी गाळतही नाही. दिव्यांची रोषणाई बघून हरखणारं मूल आणि ढिगाऱ्याखालची शिलाई कामगार या दोघांना एकाच वहीत जागा मिळते. माझ्या मते या विषयावरच्या लेखनाची खरी कसोटी हीच आहे. फक्त मूल दिसलं तर ती जाहिरात होते, आणि फक्त ढिगारा दिसला तर प्रवचन. प्रवचन ऐकणाऱ्यांत ते मूल कधीच नसतं.

'चंगळवाद' या शब्दाबद्दलची माझी तक्रारही एवढीच आहे. तो चुकीचा नाही. तो शर्ट फक्त उजव्या बाजूनं बघतो. माणसाला हवंसं का वाटतं, हे शिवणीच्या बाजूला असतं. मराठीत या बाजूनं कुणी लिहिलं तर साहित्य कसं असेल, याची मला उत्सुकता आहे. सुट्टीच्या संध्याकाळी मॉलमध्ये काहीही न घेता थंड हवेत फिरणारी कुटुंबं, ट्रायल रूममध्ये कपडा घालून फोटो काढून तो परत ठेवणाऱ्या मुली, भिवंडीच्या गोदामांत इतरांच्या खरेदीची खोकी चिकटवणारी पोरं. ही सगळी इथं आहेत, एका लोकलच्या अंतरावर. त्यांना 'ग्राहक' म्हणून आकडेवारी मिळते आणि 'चंगळवादी' म्हणून शिव्या मिळतात. त्यांची गोष्ट अजून यायची आहे.

*

शीटमध्ये बाबांची ओळ शेवटपर्यंत रिकामी होती. विचारलं की म्हणायचे, "मला काही नको." निघायच्या आदल्या रात्री त्यांनी स्वतःहून फोन मागितला आणि ओळ भरायला लावली. 'काय हवं' या रकान्यात लिहिलं, "शर्ट. बघायला." माप नाही, किंमत नाही. फरकाचा रकाना कोरा.

जूनमधल्या त्या शनिवारी आम्ही गेलो. गर्दी सांगितली होती त्याहून जास्त होती. आई पहिल्या तासातच बाकावर बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या जगभरच्या बायकांचे कपडे बघत राहिली; तिचा दिवस उत्तम गेला. बहिणीनं शीटमधल्या अकरा गोष्टींपैकी चार घेतल्या. मी एका पर्सपाशी दोनदा जाऊन आले आणि तिसऱ्यांदा गेले तेव्हा ती नव्हती.

बाबा मला त्या दुकानात घेऊन गेले, ज्याचं नाव आम्ही लहानपणी दोन तुकडे जोडून वाचायचो. त्यांनी एक निळा शर्ट उचलला आणि तिथल्या तिथं उलटा केला. कॉलरची टोकं जुळवली. बाहीची शिवण बोटानं चाचपली. काउंटरवरची मुलगी जवळ आली, काही मदत हवी का विचारलं. मी मान हलवली. बाबांनी आतल्या शिवणीतली छोटी पट्टी चष्म्याजवळ नेली. 'मेड इन बांगलादेश' होतं. "आता तिकडे गेलं हे काम," ते म्हणाले. मग डाव्या कफवर बोट ठेवलं. एक टाका सुटला होता. मला तो दाखवल्यावरही दिसला नाही.

"आमच्याकडे हा अल्टरला गेला असता."

"मग दुसरा बघू या ना, बाबा."

"नको. हाच घे."

तो शर्ट त्यांनी गणपतीत घातला. आरतीला सगळे जमले होते, कुणीतरी 'काका, लंडनचा काय?' असं विचारलं आणि ते नुसते हसले. रात्री मला आत बोलावलं. मानेमागं हात फिरवत होते.

"जरा कात्री आण गं," म्हणाले. "हे लेबल टोचतंय."

मी आणली आणि टाके उसवून लेबल अख्खं काढलं. शर्ट त्यांच्याकडे गेला, लेबल माझ्याकडे राहिलं. 'फरक' या रकान्यात त्याचं काय लिहायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.